मावशीचे पित्त

माझी मावशी मूळची बेळगावची, आता भोपाळला टी. टी. नगरात असते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची. ‘पित्त झालंय’ म्हणत ती महिनाभर आमसुलाचे सार पीत राहिली. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘पथरी है.’ हिला वाटले मुतखडा. लागली कुळथाचे कढण प्यायला! शेवटी आमच्या कानडी वहिनींनी फोनवर ‘पित्तकोशदल्ली कल्लु’ म्हटले, तेव्हा उमगले की खडे पित्ताशयात आहेत. गंमत म्हणजे कोलेस्टेरॉल हे नावही ग्रीक ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ या शब्दांवरून पडले. तो पदार्थ प्रथम अशा खड्यांतच सापडला होता. ऑपरेशन होऊन पित्ताशय गेले. मावशी विचारते, ‘मग आता पित्त कुठून येणार?’ अगं, ते यकृतात तयार होते!