खिडकीतले रोप आणि शेतातली बाटली

कपाशीवर मारायचे औषध घराच्या खिडकीत येऊ नये, हे माझे मत हल्ली फारच पक्के झाले आहे. निमित्त म्हणाल तर अगदी किरकोळ. चार बोटे उंचीचे एक रोपटे.

हल्लीच्या मुलांना कीटकभक्षी वनस्पतींचे वेड आहे. आमच्या वेळी पुस्तकातल्या घटपर्णीच्या चित्रावर भागायचे. आता व्हीनस फ्लायट्रॅप कुरिअरने हिंगणघाटला येतो! माझ्या नातवाकडे अशी तीन बाळरोपे आहेत. (आपली दवबिंदू आणि सीतेची आसवे पावसाळ्यात कासच्या पठारावर दिसतात. ती तिथेच पाहावीत, उपटून आणू नयेत.)

गंमत अशी की माशी गिळणारे हे झाड लाल कोळ्यापुढे मात्र हतबल असते. सापळ्यातल्या केसाला वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तर सापळा मिटतो. कोळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्याचा धक्का कुठला लागायला? तो पानामागे बसून निवांत रस शोषतो. पानावर फिकट ठिपके पडतात, नवी पाने वेडीवाकडी येतात आणि पुढे बारीक जाळी दिसू लागते. शंका आली तर पांढऱ्या कागदावर पान हलकेच झटकावे. ठिपके चालू लागले की समजावे.

आमचे गाव कापसाचे. त्यामुळे पहिला सल्ला येतो तो शेतातून उरलेल्या बाटलीचा. "दोन थेंब टाका न गुरुजी, काही होत नाही." काही होत नाही कसे? आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेही उघड्या रानात. इथे तर बंद खोली, आणि नऊ वर्षांचे पोर त्याच रोपाला बोटांनी मुंग्या भरवते. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण थंड पेयाच्या बाटलीत ओतून आणलेल्या औषधाला त्रिकोण कुठून असणार?

शिवाय कोळी हा कीटकच नव्हे. आठ पायांचा, कोष्ट्याच्या गोत्रातला. कित्येक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. उलट त्याला खाणारे जीव मरतात आणि त्याचेच फावते.

तुम्ही म्हणाल, निंबोळीचे तेल तर चालेल? इथे माझे बऱ्याच जणांशी पटत नाही. शेतात निंबोळी उत्तमच. पण तेल आणि साबण या रोपांच्या कोवळ्या पानांना सोसत नाहीत, दवबिंदूच्या चिकट ग्रंथींना तर मुळीच नाही. गंधक कोळ्यावर चालते हे खरे, पण बत्तीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात ते पाने करपवते. आपल्याकडे मार्चमध्येच पारा त्यापुढे जातो.

मग उरते पाणी. कोळ्याला कोरडी, तापलेली हवा मानवते, ओल नाही. रोग लागलेली कुंडी आधी वेगळ्या खोलीत न्यावी. फ्लायट्रॅपची कुंडी वर फडके बांधून, म्हणजे माती तरंगत नाही, पूर्ण पाण्यात बुडवावी आणि एक-दोन दिवस सावलीत ठेवावी. पाणी पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओचेच हवे. बोअरच्या पाण्यातले क्षार या मुळांना सोसत नाहीत. उन्हाळ्याअखेर कूलरच्या ताट्यांवर बसलेला पांढरा थर पाहा, म्हणजे कळेल. दवबिंदूला बुडी नको, बारीक धारेने पाने खालून-वरून धुवावीत. चिकटा जातो, पण काही दिवसांत परत येतो.

एका बुडीने भागत नाही, कारण अंडी वाचतात. उष्ण हवेत आठवडाभरात नवी पिढी तयार होते. म्हणून दर चार-पाच दिवसांनी, असे तीन-चार वेळा करावे लागते. लोकांचा धीर सुटतो तो इथे, आणि मग हात बाटलीकडे जातो. बी पेरून वाढवलेला फ्लायट्रॅप मोठा व्हायला तीन-चार वर्षे लागतात. त्यात हे तीन आठवडे फार झाले का?

आमच्या तिघांपैकी एक गेले. उरलेल्या दोघांची दुसरी बुडी झाली आहे. एकाला मधून नवे पान फुटते आहे, दुसऱ्याचे काही सांगवत नाही. शुक्रवारी तिसरी बुडी. नातवाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आहे.