मरळीचा बुडबुडा

अमेरिकी तळ्यांतल्या ‘बास’ माशाच्या गळाने केलेल्या शिकारीचे व्हिडिओ पाहून उरवडे गावच्या एका पोराने नवा रॉड आणला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘काका, आपल्याकडे बास कुठे लागतो?’ बाळा, आपला बास म्हणजे मरळ! तोही दबा धरून झडप घालणारा, तीही तशीच. खोल पाण्यात गळ भिरकावून दंड दुखवून घेऊ नकोस; काठालगतचं गवत, पाणवनस्पतींची कड, बुडालेलं झाड बघ. मरळीला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते, म्हणून आधी दहा मिनिटं नुसता बस आणि बुडबुडा कुठे फुटतो ते हेर. (हे दहा मिनिटांचं बसणंच नवशिक्यांना जमत नाही, मलाही उशिराच जमलं.) मग गळाला लावलेला रबरी बेडूक तिथल्या गवतावर टाकून थांबत थांबत ओढ. पाणी उसळलं की लगेच हिसका देऊ नकोस, बेडूक तोंडात नीट जाऊ दे. पावसाळ्यात मात्र पाण्यावर पिल्लांचा लालसर पुंजका दिसला, तर गळ गुंडाळ. खाली आईबाप राखणीला असतात, चिडून गळावर धावतात, आणि ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. आणि हो, तलाव ठेक्याने दिलेला असेल तर आधी विचारून घे.