तठे काय देखं?

परवा आसोद्याला एका मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं, एकीकडे पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि नानांनी सगळ्यांदेखत विषय काढला. नाना आमचे धुळ्याचे, रंगात आले की अहिराणीच. "ही लंडनले गयथी, दहा दिन. ईचारा तिले, तठे काय देखं?"

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

तर माझा गुन्हा असा. २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत मी लंडनला मैत्रिणीकडे गेले, दहा दिवस राहिले आणि काहीही न बघता परत आले. बिग बेन बसच्या खिडकीतून दिसलं, तेवढंच. ब्रिटिश म्युझियम २४ ते २६ डिसेंबर बंद. २५ तारखेला तर बस नाही, ट्यूब नाही, आगगाडी नाही. मोठी दुकानं त्या दिवशी बंद ठेवायचा तिथे २००४ सालचा कायदाच आहे. दुपारी चारला अंधार. "एवढे पैसे घालून बंद गाव बघायला गेलीस?" हे अक्काचं वाक्य. "आणि सण तरी आपला आहे का?" हेही तिचंच.

पैशांचं खरं आहे, मान्य. डिसेंबरात तिकीट महाग असतं, आणि मी काही श्रीमंत नाही, शाळेत शिकवते. बाकी मात्र मला काही म्हणजे काही पटत नाही.

मी मैत्रिणीला विचारलं, इतक्या वर्षांत आपल्याकडची किती माणसं तुझ्याकडे राहून गेली? तिने बोटांवर मोजली. दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. सगळी मे-जूनमधली. त्यांना स्टेशनवरून आणायचं, पास काढून द्यायचे, सकाळी पोळ्या करून डबे भरून द्यायचे, आणि संध्याकाळी ती थकून आली की आज काय काय पाहिलं त्याचे फोटो बघायचे. नाताळात कोण आलं? कुणी नाही. थंडी असते, अंधार असतो, सगळं बंद असतं ना!

अहो, म्हणून तर जायचं.

ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. पोराबाळांचे लोक २५ ला घरी राहतात, ही एकटी, म्हणून दर वर्षी त्या दिवसाची ड्यूटी हिची. बदल्यात दिवाळीला सुट्टी मिळते. पण दिवाळीला त्या गल्लीत दुसऱ्या कुणालाच सुट्टी नसते, तेव्हा ती घरी एकटीच चकल्या खात बसते. म्हणजे त्यांच्या सणाला एकटी आणि आपल्या सणालाही एकटी. हे मला तिथे जाईपर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

२५ ला सकाळी साडेसहाला आम्ही दोघी चालत निघालो. मी आपली सोबतीला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. धुळ्याच्या माणसाला कर्फ्यूतला रस्ता कसा दिसतो हे सांगायला नको. तसाच, फक्त भीती नाही आणि खिडक्या-खिडक्यांत दिवे लावलेली झाडं. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "२०२० साली पण अशीच चालत गेले होते मी. बाबा जाऊन तीन दिवस झाले होते."

कोविडच्या त्या डिसेंबरात आपल्या सरकारने २२ तारखेच्या रात्रीपासून ब्रिटनची विमानं बंद केली होती. तिचे बाबा जळगावात गेले, आणि ती येऊ शकली नाही, एवढं मला माहीत होतं. फोनही केला होता मी. "काळजी घे" म्हणाले होते. पण ती त्या रस्त्याने, त्या अंधारात, एकटी चालत ड्यूटीवर गेली होती, हे तिने मला तीन वर्षं सांगितलं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. बस चालू असती तर त्या दिवशीही सांगितलं नसतं कदाचित.

संध्याकाळी तिच्या हट्टाखातर भरीत. मी कळण्याचं पीठ आणि बिबड्या नेल्या होत्या. वांगी तिथलीच, काळी-जांभळी, आपल्या हिरव्या वांग्यांची सर नाही. गॅसवर भाजायला ठेवली तर धुराचा अलार्म बोंबलायला लागला. खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालता घालता दोघींची हसून पुरेवाट झाली. शेजारच्या आजीबाई दार वाजवून विचारायला आल्या, त्याही एकट्याच होत्या. त्यांनी बिबडी खाल्ली, भरीत मात्र तिखट लागलं.

बरं, हे सगळं लंडनचंच आहे असं कुठे आहे? जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांच्या होस्टेलांत दिवाळीला मागे राहणारी पोरं असतातच. कुणी बिहारचं, कुणी मणिपूरचं, सुट्टी पुरत नाही किंवा तिकिटाला पैसे नाहीत. खानावळ बंद, गल्लीत फटाके. आमच्या घराच्या मागेच मुलींचं होस्टेल आहे. मी त्यातल्या एकीलाही कधी फराळाला बोलावलं नव्हतं. अक्कानेही नाही, आणि नानांनीही नाही. आणि आम्ही खानदेशी पाहुणचाराच्या गप्पा मारणार!

गेल्या दिवाळीत दोघी आल्या होत्या. अक्का आधी घुश्शात होती, मग तिनेच डबा भरून दिला.

तर नाना, तिथे काय पाहिलं ते हे. पुढच्या वेळीही डिसेंबरातच जाणार आहे. अक्काला सांगून ठेवलंय, या उन्हाळ्यात बिबड्या जरा जास्त घाल. आजीबाईंनी परत मागितल्यात.