बेटावरून आलेला आवाज आणि आपला आयनांबराचा धडा

वातावरणाचे थर शिकवताना आयनांबराच्या वाट्याला किती वेळ येतो? "रेडिओलहरी परावर्तित होतात" एवढं एक वाक्य. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, संपलं. माझं स्पष्ट मत आहे, की हौशी रेडिओची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धडा शिकवूच नये.

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, छोटा ट्रान्समीटर, बॅटरी आणि तार घेऊन एखाद्या आडबाजूच्या बेटावर जातात. १४ मेगाहर्ट्झची साधी अँटेना म्हणजे काय, तर मधोमध तोडलेली साधारण १० मीटर तार, दोन माडांना बांधलेली. शंभर वॅटवर, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढ्या शक्तीवर, हजारो किलोमीटरवरचा माणूस उत्तर देतो! लहर वर जाते, आयनांबरातून वाकून खाली येते, समुद्रावरून पुन्हा उसळते. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, म्हणून किनाऱ्यावरची अँटेना जास्त लांब पोचते. १९६४ पासून 'आयलंड्स ऑन द एअर' हा उपक्रम चालू आहे. त्यात बेटांच्या गटांना क्रमांक आहेत आणि आशियातला पहिला क्रमांक आपल्या अंदमानचा. नोंदवही जागतिक वेळेत ठेवायची, म्हणजे साडेपाच तास वजा करणंही आलंच.

"मोबाइल असताना हे कशाला?" हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. त्याचं उत्तर डिसेंबर २००४ मध्ये आहे. भारती प्रसाद यांच्यासोबत हॅमचा एक गट अंदमानात गेला होता. उद्देश निव्वळ हौसेचा. वर्षानुवर्षं तिथून कुणी हॅम बोललाच नव्हता, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्याशी बोलायला रांग लावून बसलेले. २६ तारखेला सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. फोन बंद पडले. मग त्याच रेडिओवरून खुशालीचे निरोप जाऊ लागले, बेपत्ता माणसांची चौकशी होऊ लागली. यंत्र हौसेचं असलं तरी गोंगाटातून एकेक अक्षर नीट टिपायचा सराव हाताशी होता, तोच कामी आला.

बोलायला सरकारी परीक्षा आणि परवाना लागतो. ऐकायला इंटरनेट पुरे. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा रिसीव्हर कुणालाही फुकट ऐकता येतो. दुपारच्या तासाला संगणक कक्षात तो लावा, १४ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरवा, रात्री घरी पुन्हा ऐकायला सांगा आणि काय बदललं ते मुलांनाच लिहू द्या. नुसती खरखर येते म्हणून कुरकुरतील. कुरकुरू द्या.