तारवातही खोल्या होत्या

गेल्या आगमनकाळात एकाच आठवड्यात आमच्या दारी दोन शिष्टमंडळे आली. पहिले होते वाडीच्या तोंडाशी नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतीतील रहिवाशांचे. त्यांतले निम्मे आपल्याच धर्मग्रामातले, याच वाडीत जन्मलेले आणि जमिनी विकून तिसऱ्या मजल्यावर गेलेले. त्यांचे म्हणणे असे की, रविवारच्या मिस्सानंतर ज्या सूचना वाचल्या जातात, त्यांत आम्ही आणखी एक सूचना वाचावी : परसातली खुराडी काढून टाकावीत. कारणे त्यांनी कागदावर मांडून आणली होती. दुर्गंधी येते, कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो, बर्ड फ्लूचे भय आहे, अंडी दुकानात हवी तेवढी मिळतात, आणि शिकल्यासवरल्या समाजाला हे शोभत नाही.

दुसरे शिष्टमंडळ शुक्रवारी आले. ते परसात कोंबड्या-बदके पाळणाऱ्यांचे. आम्ही वेदीवरून त्यांची बाजू घ्यावी, अशी त्यांची अपेक्षा. "फादर, आमच्या आज्यापणज्यांपासून कोंबड्या, बदके एकाच परसात हिंडत आली. त्यांना कधी डॉक्टर लागला नाही की औषध लागले नाही. देव राखतो."

आम्ही दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही नकार दिला. त्या नकाराची कारणे रविवारच्या सूचनांत मावणारी नव्हती, म्हणून ती येथे मांडत आहोत.

पहिल्या कागदावरचे शेवटचे कारण आम्ही आधी घेतो, कारण आमच्या मते खरे कारण तेच आहे. खुराड्याची आपल्याला लाज वाटू लागली आहे. वसईच्या वाडीवाडीत किती मुलांची पाटी-पुस्तके अंड्यांच्या पैशांतून आली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ज्यांच्या आयांनी तो पैसा लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवला, ते आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांना तो आठवतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि खुराडे मोडले म्हणून आपण वाडीची लेकरे नाही असेही होत नाही. देश तर उलट दिशेने चालला आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत परसातील कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या गणनेच्या मानाने ही वाढ सुमारे ४६ टक्क्यांची आहे.

अंडी दुकानात मिळतात, हे खरे. देशी कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी देते, तर पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या घरात. हिशेबाच्या वहीत परसातली कोंबडी हरणारच. पण दुकानातले अंडे खाणाऱ्याचीही एक कोंबडी असते. ती त्याला दिसत नाही, एवढेच. तारेच्या पिंजऱ्यात तिच्या वाट्याला वहीच्या उघड्या पानाएवढीही जागा येत नाही. तेथे तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडे घालायला आडोसाही मिळत नाही. भारताच्या विधी आयोगाने २०१७ साली आपला २६९ वा अहवाल याच प्रश्नावर दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात सांगितले की, प्रत्येक जीवाला देवासमोर स्वतःचे मोल आहे, आणि ते आपल्याला होणाऱ्या उपयोगावरून ठरत नाही. मग परसात माती उकरणाऱ्या कोंबडीची लाज कोणी कशाला धरावी?

येथवर वाचून वाडीकर मंडळी सुखावली असतील. आता त्यांनी पुढचे ऐकावे, कारण आमचे खरे भांडण त्यांच्याशी आहे.

'देव राखतो' हे वाक्य आम्हांला फार खटकते. ते श्रद्धेचे वाक्य आहे, पण पुष्कळदा ते आळसाच्या तोंडी असते. हे आम्ही वरच्या पायरीवरून बोलत नाही. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले. खुराडे कोणी शिकवले नाही. ते आम्ही दुसऱ्यांच्या नुकसानीतून शिकलो.

यापूर्वीच्या आमच्या धर्मग्रामात एका भाविकाने नाताळसाठी टर्कीची चार पिल्ले भेट दिली. आम्ही ती निवासामागच्या कोंबड्यांत सोडली. काही आठवड्यांत ती मान टाकून बसू लागली, विष्ठा गंधकासारखी पिवळी झाली आणि आठ दिवसांत चारही गेली. आम्ही म्हणालो, वारा बाधला. पुढच्या वर्षी सणाच्या सोडतीसाठी आठवडी बाजारातून पंधरा कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी आमच्या खुराड्यात घातल्या. पाचव्या दिवशी पहिली कोंबडी मान पिळवटून पडली. आमच्या कोंबड्या दिवसभर शेजारच्या परसांत हिंडत. तीन आठवड्यांत अर्ध्या वाडीची खुराडी रिकामी झाली.

त्या वाडीत एका विधवेच्या बावीस कोंबड्या होत्या. नातीच्या कॉलेजचा रेल्वेचा पास त्या अंड्यांवर निघे. शेवटची कोंबडी पुरून ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, कुठून आला हो हा रोग?" आम्ही उत्तर दिले, "साथ आहे, मावशी." ते खोटे नव्हते, खरेही नव्हते. पुढे दोन महिन्यांनी आम्ही तिच्या घरी जाऊन खरे काय ते सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक होते, फादर. पहिल्या तुमच्याच मेल्या." नातीचा पास तेवढे दोन महिने निघाला नव्हता.

तो रोग राणीखेतचा. जुनी माणसे त्याला मानमोडी म्हणतात. त्याच्यावर औषध नाही. लस आहे, आणि ती जुनी व स्वस्त आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास 'आर टू बी' लसीची सुई, एवढ्यावर बावीस कोंबड्या वाचल्या असत्या. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे, बाजारातून आणलेल्या कोंबड्या आम्ही तीन-चार आठवडे निराळ्या ठेवल्या असत्या, त्यांना दाणापाणी सर्वांत शेवटी दिले असते, तर वाडीला लस लागलीही नसती. ज्या पाहुण्याला आपण ओळखत नाही, त्याला ओटीवर बसवतो. थेट माजघरात नेत नाही. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो.

टर्कीचे कोडेही नंतर उलगडले. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून एक सूक्ष्म परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, टर्कीचे यकृत मात्र तो पोखरतो. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९५ साली या रोगाचे वर्णन केले. जंताची ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ज्या परसात कोंबड्या हिंडल्या, तेथे टर्की सोडणे म्हणजे तिला मरणाला सोडणे. आम्ही ज्याला वारा म्हणालो, ते आमचे अज्ञान होते.

बदकांचेही तसेच. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. कोंबडीची पिल्ले एकविसाव्या दिवशी निघतात, बदकाची अठ्ठाविसाव्या. तरी ती माउली सात दिवस अधिक बसते. आणि पिल्ले बावखलात उतरली की काठावर कासावीस होऊन फिरते. ते दृश्य पाहून आपण हसतो. पण दोघांचे स्वभाव निराळे आहेत, हा धडा घेत नाही. बदकाला पाणी हवे, कोंबडीला कोरडी जमीन. दोघांना एकाच खुराड्यात कोंबले की बदके अंथरूण भिजवतात, ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि कोंबडीची लहान पिल्ले दगावतात. कागदावरची 'दुर्गंधी' तीही येथलीच. कोरड्या तुसावर, वेळेवर उपसलेल्या खुराड्याला वास जवळजवळ येत नाही. नर बदक कोंबड्यांच्या मागे लागून त्यांना जखमीही करतो. अंड्यावरच्या कोंबडीचे चुनायुक्त खाद्य कोवळ्या पिल्लांनी खाल्ले तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, मोठ्या कोंबड्यांना पुरेल तेवढा ठेवावा. कोंबड्याच्या आरवण्याचे म्हणाल, तर अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागतच नाही. तो लागतो पिल्लांसाठी. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे. परसात पाच-पाच कोंबडे मिरवणाऱ्याने शेजाऱ्याच्या झोपेचा विचार केलेला नाही.

बर्ड फ्लूच्या मुद्द्याला मात्र हसून उत्तर देता येत नाही. भारतात तो प्रथम सापडला फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. तेथे मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावावर तीच पाळी आली. बावखलावर रानपक्षी उतरतात, त्यांच्यात आपली बदके मिसळतात, आणि बदक स्वतः फारसे आजारी न दिसता विषाणू बाळगू शकते. म्हणून एकाएकी पक्षी मरू लागले तर ते बावखलात फेकू नयेत, विकू नयेत, सोलून शिजवू नयेत. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आणि दुकानातून प्रतिजैविकाची पूड आणून पाण्यात ढवळण्याची सवय सोडावी. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी एक औषध. ते जनावरांना देण्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती अशाच सवयींमुळे.

आता कोणी म्हणेल, फादर, हे सारे एका गरीब घराने करायचे कसे? प्रश्न रास्त आहे. राणीखेतच्या लसीची कुपी साधारण शंभर पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराने ती आणली तर नव्वद मात्रा मातीत जातात; म्हणून कोणीच आणत नाही. पण दहा घरांनी मिळून आणली तर एकही मात्रा वाया जात नाही. परसातली कोंबडी एका घराच्या ताकदीने जगत नाही. तिला शेजार लागतो. एका घराने लस टाळली तर रोग दहा घरांत जातो, हे आम्ही आमच्याच दारातून जाताना पाहिले आहे. आपले लहान ख्रिस्ती समूह महिन्याला एकत्र जमतात, बायबल वाचतात, चहा घेतात. त्यांतल्या एका संध्याकाळी ही कुपी फोडली तर प्रार्थनेत काही उणे पडणार नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा खुराड्याच्या दारापाशी थांबते, असे आम्ही तरी कोठे वाचलेले नाही.

'देव राखतो' म्हणणाऱ्यांनी नोहाची कथा पुन्हा वाचावी. देवाला प्रत्येक जातीचे जीव वाचवायचे होते, यात शंका नाही. तरीही त्याने नोहाला नुसते 'विश्वास ठेव' असे सांगितले नाही. लांबी-रुंदी सांगितली, डांबर लावायला सांगितले, अन्न साठवायला सांगितले. आणि तारवात खोल्या करायला सांगितल्या. सारे एकाच तारवात होते, पण एकमेकांच्या अंगावर नव्हते. देव राखतो तो असा, सुताराच्या हातांनी.

इमारतीतील बंधुभगिनींना आमचे सांगणे एवढेच की, ती सूचना आम्ही वाचणार नाही. ज्या परसात खुराडे कोरडे आहे, कोंबडा एकच आहे आणि लस टोचलेली आहे, तेथे तक्रारीला जागा उरत नाही. ज्या परसात तसे नाही, तेथे कागद घेऊन आमच्याकडे येण्याआधी त्या घरी एकदा जाऊन बसावे. तुमच्यातली काही मुले विज्ञान शिकली आहेत. थेंब कसा टाकावा, सुई कशी धरावी, हे पशुवैद्याकडून शिकून ती वाडीला हात देऊ शकतील. वाडीकरांना आमचे सांगणे असे की, हे करणार नसाल तर कोंबड्या पाळू नका. उपाशी, आजारी, एकमेकांच्या विष्ठेत कोंबलेले पक्षी ठेवण्यापेक्षा रिकामे परस बरे. यरुशलेमसाठी शोक करताना प्रभू येशूला आठवली ती पिल्लांना पंखांखाली घेणारी कोंबडीच. आपल्या हाती तो जीव देताना देवाने आपल्याकडून निदान संध्याकाळी खुराड्याचे दार मोजून लावण्याची अपेक्षा केली असेल.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिन्हीसांजेला कोंबड्या आत गेल्यावर, आम्ही दवाखान्यातून कुपी आणि बर्फाचे भांडे घेऊन वाडीच्या तोंडाशी उभे राहू. पहिले दार आमच्याच खुराड्याचे उघडेल. आजारी पक्षी वेगळा बांधून ठेवा, त्याला लस द्यायची नाही. बाकीचे खुराड्यातच असू द्या. कोणाकडे किती, ते आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मात्रा कमी पडणार नाहीत.