म्हशीची दगडी आणि बाळंतिणीचं दुखणं

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक बाई घाईघाईने माझ्याकडे आली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ एकवीस दिवसांचं. म्हणाली, "बाई, जरा घरी येता का? पोरीला फणफणून ताप आलाय, अन्..." पुढचं तिने सांगितलंच नाही. नुसता पदर छातीपाशी धरला. मी काय ते समजले.

जाऊन बघते तर पोरगी दोन रजया घेऊन कुडकुडतेय. डावा स्तन लाल, दगडासारखा कडक, हात लावू देईना. असे दोन दिवस गेले होते. आजीचं म्हणणं, "त्या अंगाचं दूध नासलंय, लेकराला पाजू नको, बाधंल." म्हणून दोन दिवस त्या बाजूचं पाजणं बंद. मेडिकलमधून पावडरीचा डबा आणलेला. आणि डॉक्टरकडे? "कसं दाखवावं बाई, तिथं पुरुष डॉक्टर असतेत."

आता गंमत बघा. याच घरातल्या म्हशीला गेल्या पावसाळ्यात दगडी झाली होती. ज्यांनी जनावरं पाळली त्यांना सांगायला नको, कास सुजते, दुधात गाठी येतात. त्या रात्री घरच्या कर्त्या पुरुषाने मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरला घरी आणलं होतं. इंजेक्शन झालं, सडात ट्यूब सोडली, आणि पुढे आठ दिवस कासेची चौकशी चावडीपर्यंत चालली होती. कुणाला लाज वाटली नाही. म्हैस आहे, दूध आहे, पैसा आहे.

बाळंतिणीला झालेली गोष्ट तीच. पण तिच्यासाठी रात्री मोटारसायकल निघत नाही. तिने सोसायचं. मी त्या घरात हे बोलून दाखवलं आणि थोडं वाईटही दिसलं. पण आज इथेही तेच बोलणार आहे.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. १९७५ साली मला थोरला मुलगा झाला. तेव्हा आमचं अहमदपूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्हा १९८२ साली झाला. तीन महिन्यांनी मी शाळेत रुजू झाले. सकाळी पाजून जायचे ते थेट संध्याकाळी. दुपारपर्यंत दूध दाटून छाती ठणकायची. पदर दोनदा गुंडाळून फळ्यासमोर उभी राहायचे. मधल्या सुट्टीत घरी जाऊन येऊ का, एवढं विचारायचीसुद्धा हिंमत नव्हती. एक दिवस ताप आला. घरच्यांनी पाजणं बंद करवलं आणि छातीला करकचून फडकं बांधलं. दूध जाईल कुठे? आठ-दहा दिवसांत गळू झालं आणि लातूरला नेऊन कापावं लागलं. तो व्रण आजही आहे. मूल वरच्या दुधावर गेलं, बाटलीने जुलाब लागले. वाचलं, म्हणून आज हे शांतपणे लिहिते आहे. कुणी दुष्ट नव्हतं त्यात. सगळ्यांनी चांगल्यासाठीच केलं. पण एकालाही काय करायचं ते माहीत नव्हतं.

त्या वेळी माहिती नव्हती हे मी मान्य करते. आज ती सबब चालणार नाही. पन्नास वर्षं झाली.

तर माहिती अशी. दूध साचून राहिलं की स्तनाला सूज येते. सुरुवातीला ही नुसती सूज असते, जंतू असतीलच असं नाही. बोंडीला चीर पडली असेल तर तिथून जंतू आत शिरतात आणि मग ताप, थंडी, लाली. तेव्हाही बाळाला त्या बाजूने पाजता येतं, ते दूध बाळाला बाधत नाही. पाजणं एकदम बंद केलं तर दूध आणखी तटतं आणि गळू होण्याची शक्यता वाढते. म्हणजे आजी ज्या भीतीने पाजू नको म्हणते, तिने संकट टळत नाही, वाढतं. ताप आणि दुखणं कमी करायला पाजत्या आईला चालणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर देतात. एका दिवसात उतार पडला नाही किंवा ताप चढत गेला तर प्रतिजैविक लागतं, आणि तेही पाजत्या आईला चालणारं मिळतं. सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचं, बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडायचं नाही. पू झालाच, तर आज पुष्कळदा सोनोग्राफीत बघून सुईने काढता येतो, माझ्यासारखं कापावं लागत नाही.

इथे माझीही एक चूक कबूल करते. बाळंतिणींना मी वर्षानुवर्षं सांगत आले, गरम शेक द्या, जोरात चोळून गाठ फोडा, दूध पिळून पिळून काढा. २०२२ साली या विषयातल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी मार्गदर्शक सूचना काढली. त्यात सांगितलं आहे की जोराने चोळल्याने आतली सूज वाढते. बाळ मागेल तसं पाजावं, गरजेपेक्षा जास्त दूध काढत बसू नये, सुजेवर थंड पट्टी ठेवावी. माझ्या नातसुनेने हे मला दाखवलं तेव्हा आधी राग आला, मग वाटलं, फळ्यावर चुकीचं लिहिलं असेल तर पुसायला काय हरकत आहे? आणि हो, औषधाने लाली आणि गाठ गेली नाही तर "दुधाचीच असेल" म्हणून गप्प बसू नये. क्वचित कर्करोगही असाच दिसतो. पुन्हा दाखवावं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, चार-दोन बायकांना होतं. नाही हो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गटाने गडचिरोलीच्या खेड्यांत ७७२ बायकांची बाळंतपणात आणि नंतर पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतरच्या दुखण्यांत स्तनाचे त्रास १८.४ टक्के बायकांना होते, इतर दुखण्यांपेक्षा जास्त. जवळजवळ दर पाच जणींत एक. आपल्या गल्लीत किती बाळंतिणी झाल्या ते मोजा आणि पाचाने भागा.

आणि आपण काय करतो? दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह. आईचं दूध अमृत असल्याची भित्तिपत्रकं लागतात, भाषणं होतात. अमृत म्हणायला माझी ना नाही. पण ते अमृत देणारीला कळ येते तेव्हा तिने काय करायचं, ते भित्तिपत्रकावर का नसतं? तिला नुसतं कर्तव्य सांगायचं, आणि दुखलं की नवससायास? २०१६ साली सरकारने स्तनपानासाठी 'मा' कार्यक्रम काढला. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्या तक्त्यात आईच्या स्तनाला चीर आहे का, दुखतंय का, हा प्रश्न असतो. सासूने आणि आईने फक्त तो प्रश्न विचारू द्यायचा आहे, आणि पोरीला खरं उत्तर देऊ द्यायचं आहे.

डब्याचंही बोलते. १९९२ च्या कायद्याने या पावडरींच्या जाहिरातीला बंदी आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. तरी न तपासता "दूध बंद करा, डबा चालू करा" असं सांगणारे भेटतातच. ज्या आईला खरंच पाजता येत नाही किंवा जी विचार करून थांबते, तिला मी एक शब्द बोलणार नाही, तो तिचा निर्णय. पण तापाच्या भरात दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय तिचा कसा म्हणायचा?

कामाचं तर काय सांगावं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना भरपगारी रजा सव्वीस आठवडे झाली, आणि कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यायचा, असंही कायदा सांगतो. मला ती सवलत असती तर व्रण नसता. पण बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या लेकींना कसली रजा? नवराबायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस खाडा झाला तर उलट पैसे कापतात. फडात पाचटावर लेकरू आणि छातीत ठणका. तिच्यासाठी कुणी सप्ताह पाळतं का?

असो. त्या रात्री पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तपासणारे पुरुष डॉक्टरच होते, नर्सबाई शेजारी उभी होती, आणि आभाळ काही कोसळलं नाही. औषध लागू पडलं, चौथ्या दिवशी गाठ मऊ झाली. बाळ दोन्ही बाजूंनी पितंय. डबा तसाच फडताळात आहे.

काल तिचे वडील भेटले. मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुम्ही म्हशीचं बोललात ते लई लागलं." म्हटलं, लागू द्या. पुढच्या वेळी मोटारसायकल आधी काढा.