डोक्याने मारलेल्या चेंडूचा हिशेब

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन हा इंग्लंडमधला, बर्मिंगहॅमजवळचा एक जुना फुटबॉल क्लब. जेफ अ‍ॅस्टल हे या क्लबचे आघाडीचे खेळाडू १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षे तेथे खेळले. सामने ३६१, गोल १७४. उंच उसळून डोक्याने चेंडू जाळ्यात धाडण्यात त्यांचा हातखंडा होता. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची स्मृती ढासळू लागली आणि १९ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या अवघ्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉरोनरने मृत्यूच्या कारणापुढे शब्द नोंदवले : व्यवसायजन्य आजार. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक वा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते.

‘व्यवसायजन्य आजार’ ही नोंद एरवी खाणकामगाराच्या फुप्फुसांविषयी किंवा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाविषयी वाचायला मिळते. खेळाडूच्या मेंदूविषयी ती आली तेव्हा फुटबॉलच्या जगाला धक्का बसला. मात्र त्या धक्क्याचे पुढे फारसे काही झाले नाही. तरुण खेळाडूंवर दहा वर्षे अभ्यास करण्याची घोषणा झाली, पण तो अभ्यास तडीस गेला नाही. २०१४ मध्ये ग्लासगोचे चेताविकृतितज्ज्ञ विली स्टुअर्ट यांनी अ‍ॅस्टल यांच्या जतन केलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली आणि निदान अधिक नेमके झाले : ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी’, म्हणजे वारंवार बसलेल्या मारामुळे मेंदूची होत जाणारी झीज. मुष्टियोद्ध्यांमधील अशा लक्षणांचे वर्णन अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच केले होते.

त्या पिढीच्या खेळाडूंचे निवृत्तीनंतरचे आयुष्य कसे होते, हेही पाहायला हवे. आज इंग्लिश फुटबॉल म्हटले की कोट्यवधींचे करार डोळ्यांपुढे येतात. पण जानेवारी १९६१ पर्यंत तेथे खेळाडूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. ती उठल्यावरही बहुतेकांची कमाई बेताचीच राहिली. पस्तिशीच्या आसपास खेळ संपला की पोटापाण्यासाठी दुसरे काम शोधावे लागे. अ‍ॅस्टल यांनी खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय सुरू केला. १९६८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी एव्हर्टनविरुद्ध विजयी गोल केला होता. डोक्याने गोल करण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या खेळाडूचा हा सर्वात प्रसिद्ध गोल मात्र डाव्या पायाने मारलेला होता. त्याच सामन्यात एव्हर्टनकडून बचाव फळीत रे विल्सन खेळत होते. ते १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातले. खेळ सोडल्यावर ते अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याच्या व्यवसायात शिरले. २००४ मध्ये त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले आणि २०१८ मध्ये ते गेले. एकाच सामन्यात समोरासमोर उभे असलेले हे दोघे पुढे एकाच प्रकारच्या आजाराच्या वाटेने गेले.

विल्सन यांच्याबरोबर १९६६ चा अंतिम सामना खेळलेले मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्ल्टन आणि बॉबी चार्ल्टन यांनाही स्मृतिभ्रंश झाला. अकरा जणांपैकी पाच. आकडा अस्वस्थ करणारा आहे, पण केवळ त्यावर निष्कर्ष काढता येत नाही. वय ऐंशीच्या पुढे गेले की स्मृतिभ्रंश सर्वांमध्येच वाढतो, आणि प्रसिद्ध माणसाच्या आजाराची बातमी होते, शेजारच्या सुताराच्या आजाराची होत नाही. म्हणून हजारो खेळाडूंची, प्रसिद्ध-अप्रसिद्ध सगळ्यांची, इतरांशी तुलना आवश्यक होती.

ती तुलना स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये केली आणि २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. १९०० ते १९७६ या काळात जन्मलेले ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू एका बाजूला आणि त्याच वयाचे, तशाच आर्थिक-सामाजिक स्तरातल्या वस्तीत राहणारे २३,०२८ पुरुष दुसऱ्या बाजूला. चेतापेशींच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये जवळपास साडेतीन पट आढळले. अल्झायमरसाठी ते सुमारे पाच पट होते.

त्याच अभ्यासात फुटबॉलच्या बाजूने बोलणारे आकडेही आहेत. हृदयविकाराने होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये सुमारे एक पंचमांशाने कमी होते, तर फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे जवळजवळ निम्मे. सत्तरीपर्यंत खेळाडूंचा एकूण मृत्युदर इतरांपेक्षा कमीच होता, सत्तरीनंतर मात्र तो जास्त झाला. म्हणजे धावण्या-पळण्याने हृदय आणि फुप्फुसे राखली, पण त्याच खेळातल्या दुसऱ्या कशाने तरी मेंदूचे नुकसान केले. मैदानी खेळ आरोग्याला चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न त्यामुळे इथे उपयोगाचा नाही. त्या खेळातली नेमकी कोणती कृती घातक आहे आणि ती किती कमी करता येईल, हे विचारायला हवे.

२०२१ मध्ये याच गटाने पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या प्रश्नाच्या उत्तराची दिशा दिसते. मैदानावरच्या जागेनुसार धोका बदलत होता. गोलरक्षक चेंडू हाताने अडवतो, डोक्याने क्वचितच मारतो. त्याच्यात धोक्याची ठळक वाढ आढळली नाही. सर्वाधिक हेडर बचावपटूंच्या वाट्याला येतात, आणि त्यांच्यात धोका सुमारे पाच पट होता. पंधरा वर्षांहून अधिक काळ व्यावसायिक खेळलेल्यांमध्येही तो पाच पटींच्या आसपास गेला. मारा जितका जास्त, तितका आजार जास्त. धूळ, धूर किंवा विषारी रसायन यांच्यामुळे होणारे आजार ओळखताना वैद्यकशास्त्र हाच आलेख शोधते.

मेंदूत नेमके काय होते? फुटबॉलचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. वेगाने येणारा चेंडू कपाळावर घेतला की कवटी एकदम थांबते किंवा वळते आणि आत द्रवात तरंगणारा, मऊ मेंदू क्षणभर मागे पडतो, पिळला जातो. त्यात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. या तंतूंच्या आतल्या सांगाड्याला आधार देणारे ‘टाऊ’ नावाचे प्रथिन असते. वारंवारच्या ताणाने ते जागेवरून सुटते, वेडेवाकडे दुमडते आणि मेंदूच्या वळ्यांच्या खोलगट भागात, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जाते. यातल्या बहुतेक धक्क्यांनी खेळाडूला भोवळही येत नाही. तो उठतो आणि खेळत राहतो. लक्षणे दिसतात ती वीस-तीस वर्षांनी, आणि या विशिष्ट झिजेचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

खेळाडूच्या गुडघ्याची गोष्ट याच्या अगदी उलट. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी १,२०७ निवृत्त फुटबॉलपटू पाहिले, तेव्हा ११ टक्क्यांहून अधिक जणांचे गुडघे बदललेले होते, इतर पुरुषांमध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. पण गुडघा दुखतो, एक्स-रेमध्ये दिसतो, बदलता येतो. मेंदूची झीज तिन्ही बाबतींत हुलकावणी देते, म्हणून ती इतकी वर्षे ‘म्हातारपण’ या नावाखाली खपून गेली.

या निष्कर्षांवर आक्षेप घेतले गेले, आणि ते तपासायलाच हवेत. पहिला आक्षेप चेंडूचा. जुना कातडी चेंडू पावसात पाणी पिऊन जड होई, आजचा होत नाही, तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झाला, असे म्हटले जाते. परंतु स्कॉटलंडच्या अभ्यासात १९१० ते १९६९ दरम्यान जन्मलेल्या खेळाडूंमध्ये दशकागणिक धोका कमी होत गेल्याचे दिसले नाही. शिवाय कोरडा चेंडू हलका राहतो तसा वेगाने येतोही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी किती हेडर मारले हे कोणी मोजलेले नव्हते. जागा आणि कारकिर्दीची लांबी यांवरून तो अंदाज बांधलेला आहे. तिसरा मुद्दा स्वीडनचा. तेथे अव्वल साखळीत खेळलेल्या ६,००७ पुरुष खेळाडूंचा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आला. त्यात धोका साडेतीन पट नव्हे, सुमारे दीडपट निघाला : खेळाडूंमध्ये ९ टक्के, इतरांमध्ये ६ टक्के. गोलरक्षक मात्र तेथेही जवळजवळ सुरक्षितच होते. आकडा बदलला, पण गोलरक्षक आणि इतर खेळाडू यांच्यातला फरक टिकला. दोन वेगळ्या देशांत तोच नमुना दिसणे याला वजन आहे.

दीड की साडेतीन, हा फरक केवळ तज्ज्ञांच्या चर्चेपुरता नाही. कामामुळे झालेल्या आजारांसाठी ब्रिटन सरकार भत्ता देते, पण त्यासाठी आजार आणि व्यवसाय यांची जोडी अधिकृत यादीत असावी लागते. यादीत नाव घालण्यासाठी सल्लागार परिषद साधारणपणे धोका दुप्पट झाल्याचा पुरावा मागते. तर्क साधा आहे. धोका दुपटीहून अधिक असेल, तर एखाद्या रुग्णाचा आजार कामामुळे झाला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. साडेतीन पटींना दहापैकी सात रुग्णांमागे व्यवसाय उभा दिसतो, दीडपटीला तिघांमागे. म्हणजे स्कॉटलंडचा आकडा धरला तर उंबरठा सहज ओलांडला जातो, स्वीडनचा धरला तर कुटुंब बाहेरच राहते. कॉरोनरची नोंद एका माणसापुरती असते, तिच्यामुळे इतरांना आपोआप काही मिळत नाही.

तोवर सांभाळ करतात ते घरचे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला शेवटच्या टप्प्यात चोवीस तास माणूस लागते, आणि हा टप्पा कित्येक वर्षे चालू शकतो. अ‍ॅस्टल यांच्या कुटुंबाने २०१५ मध्ये त्यांच्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि त्यांची मुलगी डॉन अ‍ॅस्टल यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. खेळाडूंची संघटना आणि प्रीमियर लीग यांनी मिळून आजारी माजी खेळाडूंसाठी १० लाख पौंडांचा निधी उभारला, तो २०२३ मध्ये. काही माजी खेळाडू आणि कुटुंबे न्यायालयातही गेली आहेत.

प्रतिबंधाच्या बाजूने मात्र ठोस पावले पडली. अमेरिकेत २०१५ पासूनच दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना हेडर मारण्यास मनाई झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने फेब्रुवारी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर वगळला. २०२१ पासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरकस हेडर, असे बंधन सुचवले गेले. लांबून आलेला पास, क्रॉस, कॉर्नर किंवा फ्री किक यांवरचा हेडर म्हणजे जोरकस. इथे सरावावर भर देण्याचे कारण उघड आहे : सामना आठवड्यातून एकदा-दोनदा होतो, सराव रोज. दगडखाणीत धूळ कमी करण्यासाठी पाणी मारतात, त्याच जातीचा हा उपाय आहे. काम बंद होत नाही, मारा कमी होतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा हिशेब अजून मांडला गेलेला नाही. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर हजारो लोक पाहतात, गोव्यात गावोगाव फुटबॉल खेळला जातो. तेथे मुलांना शिकवणाऱ्यांनी बारा वर्षांखालच्यांचा हेडरचा सराव थांबवला, तर त्याला खर्च काही नाही आणि मुलांच्या खेळाचे फारसे बिघडतही नाही. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, ओकले, डोके दुखते म्हणाले किंवा झापडू लागले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे, हा नियम प्रत्येक संघाला पाळता येईल.

ज्यांचे खेळण्याचे दिवस सरले, त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. दीडपटीचा असो वा साडेतीन पटींचा, धोका वाढतो म्हणजे आजार होणारच असे नव्हे. स्कॉटलंडमधल्या त्या माजी खेळाडूंपैकी ५ टक्क्यांमध्ये अशा आजाराची नोंद झाली, ९५ टक्क्यांमध्ये नाही. शिवाय हे सारे व्यावसायिक खेळाडू होते. आठवड्याला एकदा हौसेने खेळणाऱ्याला हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि ऐकू कमी येणे हेही स्मृतिभ्रंशाचे धोके वाढवतात आणि त्यांवर कोणत्याही वयात उपाय करता येतात. विसर पडू लागला तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त ही कारणे तपासली तर सापडतात आणि बरीही होऊ शकतात.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट व्हायला हवी. विसर पडतो म्हणून आलेल्या रुग्णाला रक्तदाब, साखर, व्यसने विचारली जातात, तसाच आणखी एक प्रश्न विचारला जावा : तरुणपणी कोणता खेळ, किती वर्षे आणि मैदानावर कोणत्या जागी? त्याचे उत्तर केस पेपरवर लिहिले गेले, तरच वीस वर्षांनी आपल्याकडचे आकडे हाती येतील.